माझ्या मागच्या पायरीवरचे पुरुषोत्तमकाका

मित्रांनो, मला चार चाकं आहेत, पण इंजिन नाही. हॉर्न नाही, स्टिअरिंगही नाही. मोटारी बनवणाऱ्या मिशिगन राज्यात मी राहते आणि एका गुबगुबीत तट्टाच्या जिवावर धावते. मी एक जुनी घोडागाडी आहे.

माझा जन्म शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एका खेड्यात झाला. तिथले काही लोक आजही बाजारहाटाला घोडागाडीनेच जातात. एलाय नावाच्या दाढीवाल्या कारागिराने चिवट लाकूड तासून माझ्या चाकांचे आरे घडवले, त्यांच्या लोखंडी धावांवर रबर चढवलं आणि मला गर्द हिरवा रंग दिला. पुढे हाकणाऱ्यासाठी बाक आणि मागे एक अरुंद पायरी. या पायरीवर एक सोबती उभा राहतो. वळण आलं की तो आपलं वजन आतल्या बाजूला टाकतो आणि मला कलंडू देत नाही. ही पायरी नीट लक्षात ठेवा, कारण माझी खरी गोष्ट तिथेच घडली.

माझी पहिली मालकीण मार्गारेटबाई. तिने मला मिरवणुकांत नेलं, लग्नांत नेलं. लोक टाळ्या वाजवत, मुलं माझ्यामागे पळत. तेव्हा मी फार तोऱ्यात असे. पुढे मार्गारेटबाईचे गुडघे दुखू लागले. वॅफल नावाचं तिचं तट्टू कुरणात नुसतं चरत राहिलं आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडले. उंदरांनी बाकाची गादी कुरतडली. ब्रेक गंजले. एका कोंबडीने माझ्यावर अंडी घातली, तेव्हा निदान कुणाच्या तरी उपयोगी पडले म्हणून मला बरं वाटलं!

एके दिवशी वॅफलचे दात तपासायला नैना आली. नैना जनावरांची डॉक्टर. तिचे आईवडील पुण्याचे, पण ती जन्मली आणि वाढली इथल्याच नोव्हाय गावात. मार्गारेटबाई तिला म्हणाली, "कामाशिवाय हे तट्टू कंटाळलंय. कुणी मायेने हाकणारं असेल, तर गाडीसकट घेऊन जा."

नैनाला आपली आई आठवली. तिने वॅफलला आणि मला गावाजवळच्या एका मोठ्या तबेल्यात आणलं.

तिची आई, सुलभाकाकू, पहिल्यांदा तबेल्यात आल्या त्या हात कोटाच्या खिशात खुपसून. "अगं, मला साधी कार चालवता येत नाही, आणि घोडागाडी कुठली?"

"आई, जस्ट ट्राय ना. वॅफल इज अ स्वीटहार्ट," नैना म्हणाली.

काकूंनी लगाम हातात घेतला. वॅफलने एक कान मागे फिरवून त्यांचा आवाज ऐकला. "चल रे बाळा," काकू पुटपुटल्या, आणि जन्मभर इंग्रजी ऐकलेलं ते तट्टू मुकाट्याने चालू लागलं. त्या दिवशी काकू बाकावरून उतरायलाच तयार नव्हत्या.

नैनाचे वडील पुरुषोत्तमकाका. त्यांनी उभा जन्म मोटारींचे ब्रेक बनवण्यात घालवला होता आणि नुकतेच निवृत्त झाले होते. माझे ब्रेक बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "हे ब्रेक आहेत? हे तर म्युझियममध्ये पाठवा!" मग ते महिनाभर माझ्याखाली चटई टाकून पडून होते. त्यांनी गंज घासला, वंगण घातलं, ब्रेक नवे बसवले, आरे एकेक करून ठोकून पाहिले. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. साहजिकच मागच्या पायरीवर उभं राहायचा मान त्यांनाच मिळाला.

इथे हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ असतो. म्हणून आमच्या तबेल्याच्या मोठ्या छपराखाली, भुशाच्या मऊ मैदानावर घोडागाड्यांच्या स्पर्धा भरतात. एकाच दिवसात तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत सफाई बघतात: वर्तुळ गोल हवं, चाल संथ हवी, थांबलं की दगडासारखं थांबायला हवं. दुसऱ्या फेरीत शंकूंच्या जोड्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक शंकूवर एक चेंडू. मधल्या जेमतेम जागेतून जायचं आणि चेंडू पाडायचा नाही. तिसरी फेरी सगळ्यांत मजेची. खांब आणि पिंपं रचून केलेल्या भुलभुलैयातून ए, बी, सी, डी अशा दारांतून क्रमाने भरधाव जायचं. चुकलं की दंडाचे गुण. ज्याचा दंड सगळ्यांत कमी, तो जिंकला. आणि एक कडक नियम: पहिल्या दोन फेऱ्यांत मागच्या सोबत्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तिसऱ्या फेरीत मात्र त्याला बोलायची मुभा असते.

डिसेंबरातल्या पहिल्या स्पर्धेत आमची सफाईची फेरी छान झाली. शंकूंची फेरी सुरू झाली. काकू वॅफलला हळूहळू दुडकीवर आणत होत्या, आणि मागून आवाज आला, "अगं, लेफ्ट! लेफ्ट घे! फार क्लोज जातेयस! ब्रेक, ब्रेक!"

काकू दचकल्या. लगाम ओढला गेला, माझं मागचं चाक शंकूला लागलं आणि पिवळा चेंडू टुणटुणत गेला. घंटा वाजली. पंचबाई जवळ येऊन नम्रपणे म्हणाल्या, "सर, नो टॉकिंग. आय ॲम सॉरी." आम्ही स्पर्धेतून बाद झालो.

तबेल्यात परत आल्यावर काकू वॅफलचा साज उतरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अगं, मी तुझ्या हेल्पसाठीच बोललो," काका म्हणाले.

"माहीत आहे. कारमध्येही हेल्पसाठीच बोलायचात." काकू म्हणाल्या. "लायसन्स काढलं तेव्हा मला छान चालवता यायचं हो. पण शेजारी बसून तुम्ही प्रत्येक सिग्नलला ओरडायचात. मग मला वाटायला लागलं, मला जमतच नाही. वीस वर्षं झाली. दुधाचा गॅलन आणायचा तरी मी तुमची वाट बघते. इथे पहिल्यांदा वाटलं, की मला काहीतरी येतं. तर इथेही तुम्ही!"

त्या वॅफलच्या मानेला बिलगून रडल्या. "मी आता येणार नाही," एवढं म्हणून बाहेर मोटारीत जाऊन बसल्या.

काकांनी उरलेला साज उतरवून खुंटीला टांगला. माझं लाकूड थंडीने नव्हे, काळजीने आखडलं. पुन्हा तो कोपरा, पुन्हा ती कोंबडी!

दोन आठवडे कुणी आलं नाही. मग एका शनिवारी दोघं आली. काकूंना काकांनी कसं मनवलं, ते मला कळलं नाही. पण सोबत आलेल्या नैनाने विचारलं, "बाबा, वॉट्स दॅट इन युअर माउथ?" तेव्हा काकांनी नुसती डबी दाखवली. आवळासुपारी! पायरीवर चढण्याआधी ते तोंडात भरपूर आवळासुपारी भरत आणि ओठ घट्ट मिटत. सुरुवातीला त्यांना किती जड जाई! बोलणं गिळताना त्यांची मूठ माझ्या बाकामागच्या दांडीवर आवळली जायची, ती मला कळायची. हळूहळू मूठ सैल पडत गेली. डोळे वॅफलकडे आणि वजन नेमकं वळणाच्या आतल्या बाजूला.

मार्चमध्ये शेवटची मोठी स्पर्धा आली. मार्गारेटबाई चाकाच्या खुर्चीत बसून पहिल्या रांगेत हजर होती. सफाईची फेरी झकास झाली. शंकूंच्या फेरीत एकही चेंडू हलला नाही. तिसऱ्या फेरीत वॅफल असं उधळलं की ते म्हातारं आहे हे तेच विसरलं. ए झालं, बी झालं, सी झालं, आणि काकू गोंधळल्या. चहूकडे सारखेच खांब. वेळ धावत होता.

"अहो, डी कुठे आहे?"

मागून उत्तर नाही.

"अहो, आता बोला ना! आता चालतं!"

पण बोलणार कसे? तोंडात आवळासुपारी! काकांनी घाईघाईने ती गिळली, ठसका लागला, सगळं मैदान हसलं. मग ते म्हणाले, "उजवीकडे. निळ्या पिंपामागे." बस, तेवढंच. विचारलं होतं तेवढंच.

काकूंनी लगाम वळवला. वळण इतकं तीव्र होतं की माझं आतलं चाक भुशावरून उचललं गेलं. काकांनी सगळं अंग आतल्या बाजूला झोकून दिलं, चाक खाली टेकलं आणि आम्ही डीमधून सुसाट बाहेर पडलो. मार्गारेटबाई खुर्चीत बसूनच टाळ्या पिटत होती.

आमचा तिसरा नंबर आला. काकूंनी पिवळी रिबीन वॅफलच्या साजाला बांधली. त्याने ती चघळून टाकली.

मग भली थोरली दारं उघडली आणि मला बाहेरचं पार्किंग दिसलं. दुपारचं ऊन बर्फावर चमकत होतं. काकांनी सवयीने खिशातून किल्ली काढली. काकूंनी हात पुढे केला.

"आणा इकडे."

काकांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. "रस्त्यावर आइस आहे," असं काहीसं त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण त्यांनी किल्ली दिली आणि ते पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसले. काकूंनी सीट पुढे घ्यायला बराच वेळ लावला. गाडी जराशी हलली, थांबली, पुन्हा हलली. फाटकापाशी उजवा दिवा लुकलुकला आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आता दर शनिवारी काकूच गाडी चालवत येतात. कधीकधी काका घरी झोपलेले असतात, आणि काकू एकट्याच येतात!

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिला नुसती झाकून ठेवू नका. पुसा, वंगण घाला, कामाला लावा. आणि तुमची आई, आजी किंवा कुणीही, केस पांढरे झाल्यावर का होईना, काही नवं शिकायला निघालं, तर त्यांच्या हातातला लगाम ओढू नका. मागच्या पायरीवर उभे राहा. वळणावर तोल सांभाळा. आणि त्यांनी विचारलं, तर जरूर सांगा, पण विचारलं तेवढंच.