मुक्कामी गाडी

श्वास सोडला की हेल्मेटच्या काचेवर आतून वाफेचा एक ठिपका उमटायचा. खाली रुंद, वर निमुळता. श्वास घेतला की तो कडांकडून आटत मधे यायचा, आणि पुरता नाहीसा होण्याआधीच पुढचा श्वास येऊन पडायचा. चिखली मागे पडेपर्यंत समता तेवढंच पाहत होती. काचेच्या उरलेल्या भागात फुललेली तूर, फुटलेली कपाशी आणि जानरावांची पाठ होती. पाठच जास्त होती.

जानराव एसटीचे ड्रायव्हर. मागच्या महिन्यात बुलढाणा आगारातून निवृत्त झाले, हारतुरे झाले आणि लगोलग त्यांनी नवी मोटारसायकल दारात आणून उभी केली. "आयुष्यभर दुनियेले फिरवलं, आता तुले फिरवतो," बायकोला म्हणाले. मेहकर, लोणार, मग पुढे जमेल तसं. समता एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने रजा टाकली.

निघताना त्यांनी नियम सांगितला. हेल्मेटमुळे बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा कंडक्टरच्या घंटीसारखं करायचं. खांद्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

"अन् पायलचे पप्पा, मले दुसरंच काही सांगायचं असलं तर?" समता त्यांना लेकीच्या नावानेच हाक मारायची.

"घंटीत दुसरं काही नसते."

तिला जे सांगायचं होतं ते वर्षभर राहून गेलं होतं. साखरखेर्ड्याला, त्यांच्या गावी, जानराव घर बांधत होते. "रिटायर झालो की गावालेच राहू, काय?" असं ते विचारत आणि ती "पाहू" म्हणे. पाया खणला तेव्हा पाहू, स्लॅब पडला तेव्हा पाहू. मनातलं उत्तर मात्र पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. लॅब सोडायची नाही, बुलढाणा सोडायचं नाही. पण ज्या माणसाने उभा जन्म मुक्कामी गाड्या नेल्या, परक्या गावात बसच्या सीटवर पाय दुमडून रात्री काढल्या, त्याच्या घराच्या हौसेवर पाणी कसं ओतायचं, हे तिला कळत नव्हतं.

मेहकरला जानरावांनी सवयीने मोटारसायकल थेट बसस्थानकात घातली आणि फलाटाला तोंड करून लावली. गाठोडं घेतलेली एक म्हातारी पुढे आली.

"बाबू, हे सुलतानपूरले जाते काय?"

"जाते, पण सीट एकच हाय आजी. अन् तिचं रिझर्वेशन झालं."

म्हातारी हसली. समताही हसली.

लोणारात शिरताना झाडांच्या फटीतून खाली सरोवराचं हिरवट पाणी चमकलं. समताने खांद्यावर एक थाप दिली. गाडी थांबली नाही. तिने पुन्हा दिली.

"इथं स्टॉप नाही!" जानराव मान न वळवता ओरडले.

स्टॉप बसस्थानकातच होता. तिथे नजीर भेटला. बरीच वर्षं तो जानरावांच्या गाडीवर कंडक्टर होता. त्याने वहिनीला सलाम केला, चहा मागवला.

"काय जानरावभाऊ, आज कोणती ड्युटी?"

"साखरखेर्डा, मुक्काम."

"म्हंजे सकाळी वापस."

"वापस कायले बे? आता कायमचा मुक्काम. घर तयार हाय. उद्या सामानाचा टेम्पो येते. तुझ्या वहिनीनं नोकरी सोडली."

समताच्या हातातला कप ओठांपाशी थांबला. तिने कोणतीच नोकरी सोडली नव्हती. आणि ही सहल कुठे संपणार हेही तिला आत्ता कळत होतं, दुसऱ्याला दिलेल्या उत्तरातून.

"मुबारक हो वहिनी," नजीर म्हणाला. तिची मान हलली. हो अशी की नाही अशी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गाडीजवळ आल्यावर तिने विचारलं, "मी नोकरी कवा सोडली?"

"रजा टाकली नं? मग सोडायले किती वेळ लागते? बस लवकर, तानाबाई जेवायची थांबली असंन."

त्यांनी किक मारली. पुढचा सगळा रस्ता उतरता येत नव्हतं की बोलता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार होता, मधूनच तलावाचं पाणी उन्हात हलत होतं. एवढ्या देखण्या रस्त्यावर जीव का गुदमरतो, हे कुणाला पटवून देता आलं नसतं.

साखरखेर्ड्याला दीर संघपाल आणि जाऊ तानाबाई नव्या फाटकात उभे होते. "जय भीम, वहिनी!" घराला ताज्या रंगाचा वास येत होता. तानाबाईने तिला हाताला धरून आत नेलं.

"ओटा पाहा जाऊबाई, तुमच्याच उंचीचा केला. शेजारची उंच बाई उभी करून माप घेतलं."

"अन् हे टेबल," जानराव मागून म्हणाले, "तुझ्या त्या मायक्रोस्कोपसाठी. खिडकीजवळ ठेवलं, उजेड पाहून."

उजेड खरंच चांगला होता. मायक्रोस्कोप लॅबचा होता, तिचा नव्हता. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून त्यांना एवढं माहीत नव्हतं, आणि तरी त्यांनी उजेड पाहिला होता.

संघपालने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. "घ्या वहिनी. घराची मालकीण तुम्ही."

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिचा हात पुढे झाला नाही.

"घे नं," जानराव हसत म्हणाले. "लाजून काऊन राह्यली?"

"पायलचे पप्पा," समता म्हणाली, "घर चांगलं हाय, मी येत-जात राहीन. पण मी इथं राह्यले येणार नाही. मी नोकरी सोडली नाही अन् सोडणार नाही. मी बुलढाण्यालेच राहीन."