लाभ, दोन, तीन

माणसानं आजवर जे जे उभारलं, मग ती धरणं असोत, आगगाड्या असोत की लोकशाही, ते सारं एका आकड्यावर उभं आहे आणि तो आकडा म्हणजे एक. एक नसता तर दोनाला कोणी विचारलं नसतं आणि संस्कृती नावाची गोष्ट उंबरठ्यातच ठेच लागून पडली असती.

हिंगणीचे पुंडलिकराव मात्र उभ्या आयुष्यात एकपासून कधी सुरूच झाले नव्हते आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं.

बोर धरणाच्या कालव्यावर त्यांची वांग्यांची वाडी होती. टोपल्या भरायच्या, सिंदीच्या बाजारात न्यायच्या, मोजून द्यायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. आणि मोजताना पहिल्या टोपलीला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही बापाची आणि आज्याची रीत. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या मापाला एक म्हटलं की बरकत तिथंच बसकण मारते म्हणतात. खरं खोटं कोणी करून पाहिलं नव्हतं, कारण त्यासाठी एक म्हणावं लागलं असतं.

त्र्याण्णव सालच्या थंडीत नागपूरहून एक जीप वाडीत आली. 'बालचित्र कक्ष' नावाचं एक कार्यालय तिकडे होतं. शाळेतल्या पोरांना टीव्हीवरून आकडे शिकवायचे हे त्याचं काम. 'मोजामोजी' असं त्या कार्यक्रमाचं नाव. त्यात मोज्याचा केलेला एक कावळा खडे मोजायचा, दोन वेण्यांची एक मुलगी पायऱ्या मोजायची. आता त्यांना खरा शेतकरी खरी वांगी मोजताना हवा होता. पुंडलिकराव खरे होते आणि वांगीही.

दिग्दर्शक खादीचा कुर्ता घातलेला, मऊ बोलणारा माणूस होता.

"काका, अभिनय वगैरे काही करायचा नाही," तो म्हणाला. "टोपलीतून एकेक वांगं काढायचं, कॅमेऱ्याला दाखवायचं, मोजायचं. एक ते दहा. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

पुंडलिकरावांनी टोपी नीट केली, वांगं उचललं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ."

"थांबा. काका, एक."

"एकच उचललं ना बापा."

"तसं नाही. तोंडानं एक म्हणायचं."

"हो, हो. चुकलं."

पुन्हा वांगं उचललं. "लाभ."

दिग्दर्शकानं समजावलं. कॅमेरावाल्यानं समजावलं. जीपच्या ड्रायव्हरनं स्वतः तीन वांगी मोजून दाखवली. पुंडलिकरावांना सगळं कळत होतं. ते मान डोलवायचे, मनातल्या मनात एक, एक असं घोकायचे, वांग्याला हात घातला की जीभ आपली बापाच्या वाटेनं निघून जायची. एकदा तर त्यांनी आधी एक म्हणून घेतलं आणि मग वांगं उचलून त्याला लाभ म्हटलं. तो प्रयोग दिग्दर्शकाला पसंत पडला नाही. मंदाबाई विहिरीपाशी उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या आणि पदर तोंडात कोंबून हसत होत्या. नवऱ्याला इतका वेळ कोणी इतक्या गोड शब्दांत रागावताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ऊन उतरलं. वांगी हाताळून हाताळून मऊ पडली. मग एकदाचा दिग्दर्शक म्हणाला, "झालं, छान झालं," आणि जीप धूळ उडवत गेली.

पुंडलिकरावांचं म्हणणं असं, की त्या शेवटच्या खेपेला त्यांनी एक म्हटलं. स्पष्ट म्हटलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"म्हन्लं असन," मंदाबाई म्हणाल्या. "मनात."

"तोंडानं म्हन्लं. म्हनून तर तो झालं म्हनाला."

"तो थकला म्हनून झालं म्हनाला."

वाद मिटवणं सोपं होतं. कार्यक्रम टीव्हीवर लागणार होता, तेव्हा पाहायचा. शाळेला नुकताच एक रंगीत टीव्ही मिळाला होता आणि मोडू नये म्हणून हेडमास्तरांनी तो कपाटात घालून कुलूप लावून ठेवला होता. मोजामोजीच्या वेळेपुरतं कपाट उघडायचं.

पण पहिल्यांदा वांग्यांचा भाग लागला त्या सकाळी सिंदीचा बाजार होता. तोडलेली वांगी टीव्हीसाठी थांबत नाहीत. पुंडलिकराव म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाहू, तेच तेच तर दाखवतात. पुढच्या आठवड्यात लाईन गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात लाईन होती, पण कपाटाची किल्ली खिशात घालून हेडमास्तर सेलूला मीटिंगला गेले होते. शेवटी एकदा सगळं जुळून आलं. पुंडलिकराव धुतलेलं धोतर नेसून पहिलीच्या पोरांमध्ये मांडी घालून बसले. कपाट उघडलं, टीव्ही लागला आणि त्यात कावळा आला. कावळ्यानं खडे मोजले. पोरं खदखदून हसली. पुंडलिकरावांनी कावळ्याला पूर्ण वेळ दिला आणि उठून वांग्यांना पाणी सोडायला गेले.

त्यानंतर मोजामोजी बंदच पडली. सगळ्या तालुक्यानं पुंडलिकरावांना पाहिलं, पुंडलिकराव तेवढे राहिले.

तोपर्यंत त्यांचं बारसं होऊन गेलं होतं. बैलबंडी घेऊन गावातून निघाले की पोरं ओट्यावरून ओरडायची, "ओ लाभकाका." सिंदीच्या एका शाळेत म्हणे मास्तरांनी अंक विचारले तर अख्खा वर्ग लाभ, दोन, तीन म्हणाला. मंदाबाईंना एवढा पुरावा पुरेसा होता. पुंडलिकरावांचं म्हणणं, पोरं घरी ऐकतात तेच म्हणतात, टीव्हीचा काय संबंध. आणि मनातून खात्री डळमळली की ते वाडीत जाऊन एकटेच उभे राहायचे, एक वांगं हातात घ्यायचे आणि काही न बोलता परत टोपलीत ठेवायचे.

वर्षं गेली. पहिलीतली पोरं मोठी झाली. त्यातल्या निकेशनं सिंदीच्या स्टेशनाजवळ सीडी आणि मोबाईल रिचार्जचं दुकान टाकलं. संध्याकाळी तिथं त्याच्या वयाची पोरं जमायची आणि जुन्या टीव्हीच्या आठवणी काढायची. ओठावर मिशी जेमतेम ठरत होती आणि उसासे असे टाकायचे, जसे काही पेन्शनीवर निघालेत.

"तसे कार्यक्रम आता नाई राह्यले," एक जण म्हणायचा.

"अबे, तो कावळा काय कावळा होता."

"आता किती चॅनल हाये. पन मन नाई लागत."

मग वाटेनं पुंडलिकराव दिसले की त्यांना धरून आणायचे, चहा पाजायचे. "काका, म्हना ना एकदा."

पुंडलिकराव म्हणत नसत. ते वेगळीच चौकशी करायचे आणि तीही बशीत चहा ओतता ओतता, सहज केल्यासारखी.

"मंग, मी दिसत कसा होतो त्याच्यात?"

"मस्त."

"मस्त म्हंजे कसा?"

पोरं एकमेकांकडे पाहायची. "म्हंजे... तुमच्यासारखेच."

एकाला त्यांच्या अंगातला हिरवा सदरा आठवायचा. दुसरा म्हणायचा, आमच्या टीव्हीत सगळंच हिरवं दिसायचं. तिसरा शपथ घ्यायचा की ती वांगी नव्हती, टमाटे होते. चौथ्याला मागं उभा असलेला पांढरा बैल आठवत होता आणि तो आठवला की त्याचा गळा दाटून यायचा. पुंडलिकरावांकडे पांढरा बैल कधीच नव्हता. पण गळा दाटलेल्या माणसाचा बैल कसा काढून घ्यायचा, म्हणून ते गप्प राहायचे.

घरी त्यांचा एकच फोटो होता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा. त्यात ते पोलिसांना हवे असल्यासारखे दिसत. आपण बोलताना, हलताना, हाताखाली काम चालू असताना कसे दिसतो हे साऱ्या सेलू तालुक्याला ठाऊक होतं. फक्त त्यांना नव्हतं. दुकानातून निघताना एकदा ते निकेशला हळूच म्हणाले, "एक डाव पाहाले भेटलं असतं ना बापा, मंग काई म्हननं नवतं."

ते निकेशच्या मनाला लागलं. त्यानं चार ठिकाणी फोन केले. बालचित्र कक्ष जिवंत होता, एका इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत सरकला होता. जुन्या टेपा तिथंच होत्या.

निघताना मंदाबाईंनी दशम्या बांधून दिल्या. "एक म्हन्लेलं निघालं तर येताना सांगत या," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावात मीच सांगीन, मी खोटी होतो म्हनून."

"आनि लाभ निघालं तर?"

"तर गपचूप या. मी काई विचारत नाई."

हे ऐकून पुंडलिकरावांना पॅसेंजरमध्ये नागपूरपर्यंत काही सुचलं नाही. निकेश खिडकीशी बसून कावळ्याबद्दल बोलत होता.

टेपांच्या खोलीत दिपाली नावाच्या एक मॅडम होत्या. वय निकेशएवढंच. पुंडलिकराव दारात टोपी काढून उभे राहिले आणि बाई खुर्चीतून उठल्याच.

"तुम्ही वांगीवाले काका ना?" त्या म्हणाल्या. "मी हिंगणघाटची. आमच्या शाळेत... बसा ना. आधी बसा."

पुंडलिकराव बसले. परक्या शहरात, परक्या खुर्चीत, एका परक्या बाईनं ओळखलं होतं. त्यांना वाटलं, आता काम झालं.

बाई टेप घेऊन आल्या आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. टेपेवर चिठ्ठी होती, 'वांगी'.

"काका, एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "मधल्या काळात नव्या टेपा मिळेनात. मग जुन्यांवरच नवीन कार्यक्रम घेत. कृषीवाल्यांना वांग्यावर कार्यक्रम करायचा होता. कपाटात शोधलं तर ही सापडली. वांगी लिहिलेली."

"मंग?"

"मग त्यांना वाटलं, वांग्याचीच आहे."

व्यवस्था इतकी चोख होती की तिला दोष देता येईना. वांग्यावर वांगी गेली होती.

"पूर्ण पुसलं?" निकेशनं विचारलं.

"शेवटी थोडं उरलेलं असतं कधीकधी. पण पुढं पळवलं की हे जुनं मशीन टेप चावतं. पूर्ण पाहावं लागेल."

त्यांनी पूर्ण पाहिलं. सफारी घातलेला एक साहेब वांग्याचा शेंडा हातात धरून, तो कसा वाळतो, आत कीड कशी शिरते, फळाला भोक कसं पडतं, हे सावकाश सांगत होता. पुंडलिकराव त्याच्याकडे असं पाहत होते, जसं कोणी आपल्या घरात भाडेकरू म्हणून शिरलेल्या माणसाकडे पाहावं. साहेब बोलत राहिला. पाटी आली, नावं आली, संगीत वाजलं. पडद्यावर आडव्या रेघा धावल्या. निकेश पुढं सरकला.

रेघांमधून एक हात आला. सावळा, तरणा, मनगटावर काळा दोरा. हातात वांगं.

"नऊ," हात म्हणाला. मग दुसरं वांगं. "दहा."

कॅमेरा वर उचलला गेला आणि काळ्या मिशांचा एक माणूस दिसला. तो कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हता. बाजूला, विहिरीकडे पाहून तोंडभर हसत होता. मग पडदा निळा झाला.

"परत," पुंडलिकराव म्हणाले.

बाईंनी परत लावलं. नऊ, दहा, हसू, निळं. पुन्हा लावलं. ते हसू एक म्हणून सुटलेल्या माणसाचं होतं की लाभ म्हणून शरमलेल्या माणसाचं, हे हसूही सांगेना. हसू मंदाबाईंसाठी होतं आणि त्या हिंगणीला होत्या.

"काका, दहा तर एकदम बरोबर म्हन्लं तुमी," निकेश म्हणाला.

"दहाचा वाद नवताच, बापा."

निकेशनं मान खाली घातली. पुंडलिकराव बाईंकडे वळले.

"बाई, तुमी तं पाह्यलं होतं शाळेत. खरं सांगा. मले राग नाई येत. सुरुवातीले म्या काय म्हन्लं होतं?"

बाईंनी डोळे मिटले. पुंडलिकराव त्यांच्या मिटल्या पापण्यांकडे पाहत राहिले, जणू चित्र आतल्या बाजूला लागलं असावं.

"तुमचा हात आठवतो," त्या म्हणाल्या. "वांगं किती चमकायचं ते आठवतं. आमच्या वर्गातला वास आठवतो. पण शब्द... काका, आम्ही सगळे खेळताना लाभ, दोन, तीन म्हणत होतो. ते तुमच्याकडून ऐकून, की घरचंच, ते आता मलाच वेगळं काढता येत नाही."

"तुले?" पुंडलिकरावांनी निकेशला विचारलं.

"मले तं कावळाच जास्त आठवते, काका," निकेश खाली मान घालूनच म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

पुंडलिकरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, तिची घडी मोडली, पुन्हा घातली. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजत राहिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. हेड ऑफिसला लिहिते म्हणाल्या, आणखी कुठं प्रत आहे का शोधते म्हणाल्या, आणि तसं काही होणार नाही हे तिघांनाही ठाऊक असल्यानं कोणी हो म्हणालं नाही.

मग पुंडलिकराव खाकरले.

"बाई, एक काम होतं. होत असन तं पाहा."

"सांगा ना काका," बाई एकदम पुढं झाल्या. "काहीही सांगा."

"ते मघाचं किडीचं एक डाव परत लावता का? फवारनी कोनती सांगतली, ते माह्या ध्यानातच नाई राह्यलं."