तिसरी ओळ

सकाळचे ऊन मंगरूळपीरच्या बसस्थानकावर फार सावकाश उतरत होते. आधी ते समोरच्या पाण्याच्या टाकीच्या माथ्याला लागले, मग पत्र्याच्या छपरावर पसरले आणि पुढे जावे की नाही अशा विचारात तिथेच बराच वेळ रेंगाळले. त्यात ऊब नव्हती, चमकही नव्हती. झाडणाऱ्या बाईच्या खराट्याने उठलेली धूळ त्यात क्षणभर सोनेरी झाली आणि पुन्हा धूळच होऊन खाली बसली. निजलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून सरकत सरकत ते बाकापाशी आले, तेव्हा बाकावर बसलेल्या धम्मरत्नने आपले पाय आत ओढून घेतले.

नागपूरच्या गाडीला अजून तास होता. मांडीवर नवी बॅग होती. केनवडहून निघताना आईने, रुख्मिणीबाईंनी, तिच्यात इस्त्रीचे दोन शर्ट आणि शेंगदाण्याची चटणी भरून दिली होती. नागपूरच्या एका बियाणे कंपनीत पोराला नोकरी लागली, असे घरचे समजून होते. रविवारी कंपनीचा ईमेल आला, तेव्हा त्याने मोबाईलवरून वडिलांना दोनच ओळी वाचून दाखवल्या होत्या. आपल्या अर्जाबद्दल आभार. मुलाखतीतील आपली तयारी उत्तम होती. तिसऱ्या ओळीपाशी त्याने मोबाईल खाली घेतला.

"अन् हजर कवा व्हा लागते?" वडिलांनी, शेषरावांनी, विचारले.

"ते दिसून नाही राह्यलं."

"मोबाईलवर अर्धंच येते बापा. कम्प्युटरवर पाय, तिथं पुरं दिसते."

संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी पोरगा नागपूरला लागल्याचे सांगूनही टाकले. टाळ्या झाल्या. धम्मरत्न खाली पाहत राहिला. पत्र मोबाईलवर अर्धेच येते, एवढे वडिलांचे वाक्य मात्र त्याने घट्ट धरून ठेवले. ते पत्र गावातल्या ऑनलाइन सेंटरवर उघडले असते, तर गावभर झाले असते. इथे त्याला कोणी ओळखत नव्हते.

स्थानकाबाहेरच्या ऑनलाइन सेंटरमध्ये वैजयंती नावाची मुलगी नुकतीच उदबत्ती लावत होती. तिने ब्राउझर उघडून दिला. त्याने ईमेलचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. पडद्याने ओटीपी मागितला. तो गेला होता सत्तेचाळीसने संपणाऱ्या नंबरवर, आणि तो नंबर गावच्या सेंटरवाल्या राजपालचा होता. अकरावीच्या फॉर्मच्या वेळी खाते त्यानेच काढून दिले होते आणि सगळ्या पोरांच्या खात्याला लावायचा तसा आपलाच नंबर लावला होता. ज्याच्यापासून लपायला इतक्या दूर यावे, त्यालाच आता फोन करावा लागणार होता.

"काय रे धम्मा, पोचला का नागपूरले?"

"मंगरूळपीरले हाये. तुह्याकडं ओटीपी आला असंन, सांग ना."

"जॉईन व्हाले निंगाला अन् मेल कायले उघडून राह्यला?"

"पत्राची... प्रिंट पायजे."

"पेढे न देता पयाला ना साहेब, म्हनून मशीननंबी अडवला तुले!" राजपाल मोठ्याने हसला. "घे, लिही."

खाते उघडले. न वाचलेल्या जाहिराती ठळक अक्षरांत होत्या. कंपनीचे पत्र मात्र बारीक अक्षरांत होते, वाचून झालेल्या पत्रांसारखे. त्याने ते उघडले. मोठ्या पडद्यावर ते आणखीच लहान वाटले. माऊसचे चाक तो पुन्हा पुन्हा खाली फिरवू लागला.

"ताई, हे पुरं उघडलं नाही वाट्टे."

वैजयंती वाकून पाहू लागली. "पुरंच हाये दादा. खाली सही हाये ना त्याहीची." मग तिची नजर वरच्या ओळींवरून फिरली आणि तिने आवाज हळू केला. "प्रिंट काढू... का राहू देऊ?"

बाहेर नागपूरची गाडी लागली होती. वाहक ओरडत होता, लोक बॅगा डोक्यावर धरून धावत होते. धम्मरत्न खुर्चीवरून उठला नाही. पत्र चार ओळींचे होते, मोबाईलवरही चारच ओळींचे होते. त्याची निवड झालेली नव्हती, आणि ते त्याने रविवारीच वाचले होते.