नुसत्या पाण्याची बाटली

ग्राफाईट सोलत सोलत अगदी पातळ पापुद्र्यांवर आणलं की त्याला ग्राफिन म्हणतात, आणि ते पाण्यात टाकलं की पापुद्रे एकमेकांना चिकटून तळाशी जाऊन बसतात. अमूल्याचा प्रबंध या बसण्याच्या विरोधात होता. दसऱ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून ग्राफिनच्या दोन बाटल्या मंडी मोहल्ल्यातल्या घरी आल्या. एकीत सुपारीचा अर्क, दुसरीत तुलनेसाठी नुसतं पाणी. सुट्टीभर कोणी हात लावायचा नाही. अर्काची काळी राहिली आणि पाण्याची निवळली, की शेवटचं प्रकरण मार्गी.

आयुधपूजेला, म्हणजे अवजारांच्या पूजेला, तिच्या आईने, कमलाक्षीने, दोन्ही बाटल्यांना कुंकू लावलं. विज्ञानाची कुंकवाला हरकत नव्हती.

सुट्टी संपली तेव्हा दोन्ही बाटल्या वरपासून खालपर्यंत काळ्याभोर.

नुसत्या पाण्यात ग्राफिन टिकतं म्हणजे एक तर जगाचं चुकलं होतं, नाहीतर अमूल्याचं. तिने पाणी तपासलं, बुचं हुंगली, कुंकू कुठल्या दुकानातलं तेही विचारून घेतलं. मार्गदर्शक विजयेंद्र सर फोनवर पेटंटपर्यंत पोचले. अर्जात कुंकवाला काय म्हणायचं, एवढाच त्यांचा प्रश्न उरला होता.

इतक्यात तिचे वडील गुरुराव, इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत, शेल्फाजवळून गेले. जाता जाता त्यांनी एकेक बाटली उलटीसुलटी केली, जागेवर ठेवली, आणि बोलणं न तोडता पुढे गेले.

"अप्पा, काय केलं हे?"

"काय केलो मी?" गुरुरावांना खरंच ठाऊक नव्हतं.

कमलाक्षीने सांगितलं की ते येता-जाता हेच करतात. तिला वाटलं, अभ्यासातलंच असेल. गुरुरावांच्या वडिलांचा रंगाचा कारखाना होता. रंग तळाशी बसू नये म्हणून पिंपाजवळून जाणारा प्रत्येकजण, पाहुणासुद्धा, एकदा काठी फिरवून जायचा. कारखाना गेला, पिंपं गेली, हात तेवढा राहिला.

अमूल्याने सरांना पेटंट रद्द झाल्याचं कळवलं आणि प्रयोग पहिल्यापासून मांडला. गुरुराव स्वतःहून राखणीला बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्याची बाटली वरून निवळली. दुसरी तशीच काळी. सुट्टीएवढे दिवस अजून जायचे होते, पण गुरुराव आताच बाटलीच्या मागून मोबाईलचा उजेड टाकून बघत होते.

"ही का बसेना गं?"

सुपारीतला तुरटपणा पापुद्र्यांना लपेटून वेगळं ठेवतो, असं तिने सांगितलं.

"कसा काय लपेटतो?"

लपेटण्याचं हे वाक्य शेवटच्या प्रकरणात तिने फार विश्वासाने लिहिलं होतं.

"ते नक्की माहीत नाही, अप्पा."

"मग बघू की," म्हणत गुरुरावांनी खुर्ची पुढे ओढली. गिऱ्हाइकाचा फोन वाजत राहिला.