चाळीस लिटरचं वजन

दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते, सुमारे १.०३. म्हणून चाळीस लिटर दुधाचं वजन एक्केचाळीस किलोच्या आसपास भरतं. शिवाय दोन ॲल्युमिनियमच्या कॅनचे सहा किलो. माझे वडील आकाराम हे वजन गेली बावीस वर्षं रोज पहाटे गडमुडशिंगीहून कोल्हापुरात नेत होते, बावीस किलोच्या साध्या सायकलीवरून. त्यांचं स्वतःचं वजन चोपन्न किलो.

हे आकडे मी २००१ च्या डिसेंबरात मांडले आणि त्यातूनच चूक केली.

मी तेव्हा भूशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमच्या सातजणांच्या गटानं सायकलवरून बदामीला जायचं ठरवलं होतं. तीन दिवस, सव्वादोनशे किलोमीटर. पहिल्या दिवशी गोकाक, दुसऱ्या दिवशी लोकापूर, तिसऱ्या दिवशी चुनखडीचा डोंगराळ पट्टा ओलांडून कलादगी, केरूर आणि बदामी. खडक बघायचे होतेच, पण गोकाकचा धबधबा, कलादगीची जुनी छावणी आणि बदामीची लेणीही बघायची होती. गटाचा पुढारी उदयसिंह संशोधन करत होता आणि त्याच्याकडं गिअरची सायकल होती. मुलगी मी एकटीच.

त्यामुळं आमच्या आईनं, बयाबाईनं, एकच अट घातली. आबा, म्हणजे माझे वडील, बरोबर जाणार असतील तरच जायचं, आणि वाटेत त्यांच्या नजरेआड व्हायचं नाही. आबांनी तेवढ्या दिवसांचं दूध चुलत्याकडं सोपवलं. बावीस वर्षांतली ही त्यांची पहिली सुट्टी. उदयसिंहला कळलं तेव्हा तो आदरानंच म्हणाला की काकांनी सामानाच्या टेम्पोतून यावं, पुढं कृष्णात ड्रायव्हरशेजारी ऐसपैस जागा आहे.

"टेम्पोतनं जायला मी काय कडब्याची पेंडी हाय व्हय?" आबा म्हणाले.

पण त्यात एक पेच होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. जो मागं पडेल त्याला टेम्पो उचलणार, हा गटाचा नियम. आईच्या अटीप्रमाणं आबा टेम्पोत चढले की मलाही चढावं लागणार. म्हणजे माझी बदामी आबांच्या पायांवर अवलंबून होती.

म्हणून मी हिशेब केला. सत्तेचाळीस किलो कमी केले तर चढावर त्यांना जवळजवळ चाळीस टक्के कमी ताकद लागेल. कागदावर लिहून मी त्यांना दाखवलं. कॅन अडकवायचे लोखंडी आकडेही मी काढायला लावणार होते, पण ते कॅरिअरला वेल्डिंग केलेले निघाले. आबा मोकळी सायकल घेऊन निघाले. निघताना एवढंच म्हणाले की अंगात कापड न घातल्यागत वाटतंय.

निपाणीपर्यंत मला वाटलं, सवय नाही म्हणून सायकल वळवळतेय. चिक्कोडीच्या पुढं ते उतार आला की खाली उतरून चालायला लागले. गोकाकच्या अलीकडं धबधब्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर मात्र ते सायकलवरून उतरले नाहीत, कारण सगळे थांबून बघत होते. दुसऱ्याच वळणावर हँडल एकदम आत वळलं आणि आबा रस्त्याकडेच्या खडीत गेले. कोपर सोललं, गुडघ्यावर विजार फाटली. सगळे धावले. उदयसिंहनं त्यांना उठवलं आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाला की उद्या टेम्पोच बरा, यात कमीपणा काही नाही.

मला राग त्याचा आला नाही, माझ्या कागदाचा आला. बावीस वर्षं जे शरीर सत्तेचाळीस किलोला तोल देत आलंय, त्याचे हात, खांदे, कंबर सगळं त्या वजनाच्या हिशेबानं वळतं. मी वजन काढलं, पण त्यांच्या शरीरातला हिशेब तसाच राहिला. ज्या जोरानं ते भरलेलं हँडल वळवायचे त्याच जोरानं त्यांनी मोकळं हँडल वळवलं. हे मला त्या खडीत उभं राहून समजलं. आबांना ते आधीच ठाऊक होतं.

"मोकळी सायकल म्हंजी मोकाट रेडकू," ते जखम धूत म्हणाले. "कुणीकडं बी जातंय. तू एवढं लिहून दाखवलंस, म्हटलं पोरगी शिकलीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मल्लेशला घेऊन गोकाकच्या दूध डेअरीवर गेले. मल्लेश आमच्या वर्गातला, कागलचा, घरात कन्नड बोलणारा. त्यानं नंतर सांगितलं की त्याला फारसं बोलावं लागलंच नाही. डेअरीवाल्या म्हाताऱ्यानं कॅरिअरचे आकडे बघितले, आबांच्या तळहातांवरचे घट्टे बघितले आणि दोन जुने कॅन काढून दिले. वर कान तुटलेलं एक लिटरचं मापही दिलं. आबांनी दोन्ही कॅन हापशाखाली काठोकाठ भरले. अर्धा कॅन हिंदकळतो, भरलेला हिंदकळत नाही, असं त्यांनी मल्लेशला समजावलं.

उदयसिंह बघतच राहिला. चढाच्या रस्त्यावर माणूस मुद्दाम चाळीस लिटर पाणी घेऊन निघालेला त्यानं कधी पाहिला नव्हता. तो मला म्हणाला, "संयोगिता, तू तरी सांग त्यांना." मी म्हटलं की एकदा सांगून बघितलंय.

त्या दिवशी आबा लोकापूरला चौथे पोचले. मी पाचवी.

तिसऱ्या दिवशी खरा चुनखडीचा मुलूख लागला. राखाडी, ठिसूळ दिसणारे पण टणक डोंगर, मधेच लालसर माती, विहिरी खोल आणि कोरड्या. या खडकात भेगांतून पाणी खाली निघून जातं, वर टिकत नाही. रस्त्याकडेला एका कापलेल्या दरडीत मला वाटीसारखे एकावर एक बसलेले थर दिसले. उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांनी चढवलेली ती पुटं. मी ॲसिडचा थेंब टाकला, खडक फसफसला. आबा पाय टेकून बघत होते. मी सांगितलं की याचं वय शंभर कोटी वर्षांच्या वर आहे.

"कुणी मोजलं?" त्यांनी विचारलं. मग थरांवरून बोट फिरवत म्हणाले, "साय धरलीया की. रोज तापवायचं आन् रोज एक थर."

मी ते माझ्या वहीत तसंच लिहून घेतलं. इतकं नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

दुपारी बारानंतर एका लांब चढावर आम्ही पोचलो तेव्हा बाकीचे सहाजण दगडाच्या खाणीशेजारच्या बाभळीखाली पडलेले होते. पिण्याचं पाणी टेम्पोत होतं आणि टेम्पो पंक्चर काढायला लोकापुरातच थांबला होता. हापसा नुसती हवा ओढत होता. खाणीतल्या दहा-बारा मजुरांचाही टँकर सकाळपासून आला नव्हता. उदयसिंहचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं आमच्याकडं पाणी मागितलं नाही. त्याची नजर मात्र कॅनवरून हलत नव्हती.

आबांनी सायकल स्टँडवर लावली आणि माप काढलं. एक माप डाव्या कॅनमधून, एक उजव्या. पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. एका बाजूनंच दिलं तर सायकल कलंडते, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. आधी खाणीतल्या बायकांना, मग गड्यांना, मग आमच्या पोरांना. बाटल्या भरल्या, डोक्यावर ओतायला दिलं, एका बाईनं तान्ह्याला पुसून घेतलं. मी मापं मोजत होते. अडतीस झाली तेव्हा दोन्ही कॅन एकदमच वाजायला लागले.

तेवढ्यात टेम्पो आला. त्यातल्या पिंपात पिण्यापुरतं पाणी होतं, पण आबांचे कॅन भरतील इतकं नव्हतं. आणि खाणीपासून कलादगीपर्यंत रस्ता नुसता उतरत जातो. चार वळणं तर तिथूनच दिसत होती.

उदयसिंह आबांजवळ आला. आता त्याच्या बोलण्यात परवाचा समजूत काढण्याचा सूर नव्हता. तो म्हणाला की काका, आमच्यासाठी तुम्ही कॅन रिकामे केलेत, इथून पुढं टेम्पोत बसलात तर कोणी काही म्हणणार नाही, उलट संयोगिताला मी स्वतः बदामीला नेतो. आबांनी माझ्याकडं बघितलं. कोपरावरची पट्टी त्यांनी नकळत दाबून धरली होती. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर टेम्पोत चढायचा विचार दिसला, आणि तो माझ्यासाठी होता हे मला कळलं.

मी खाणीकडं गेले. चुनखडीची घनता २.७. पण फोडलेल्या खडीत मोकळी जागा राहते, त्यामुळं एक लिटर खडी दीड किलोच्या आसपास भरते. एका बाजूला वीस किलो हवं, म्हणजे साडेतेरा मापं. या वेळी मी कागदावर लिहिलं नाही. माप घेतलं आणि भरायला बसले.

एक मजूर बाई आली, मी काय करतेय ते बघून हसली, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि एकसारखी बारीक खडी निवडून द्यायला लागली. मल्लेशनं भाषांतर केलं. ती म्हणत होती की इथले लोक दगड बाहेर काढतात, ही पहिलीच जी भरून नेतेय.

आबा येऊन बघत उभे राहिले. एका हातानं कॅन हलवून बघितला, आतली खडी खळखळली. ते बांधाकडं गेले आणि वाळलेल्या गवताचे दोन जुडगे घेऊन आले. दूध डचमळून सांडू नये म्हणून कॅनच्या तोंडाशी ते रोज गवत घालतात. तसंच त्यांनी खडीवर गवत घट्ट दाबलं आणि झाकण लावलं. पुन्हा हलवलं. आवाज आला नाही.

"आता बसलं," ते म्हणाले. "तू म्होरं हो, संयू. मी मागनं येतो."

मी सांगितलं की आईनं नजरेआड व्हायचं नाही म्हटलंय, तेव्हा मीच मागून येणार.

पहिलं वळण आलं. आबांनी सायकल थोडी बाहेरच्या अंगाला घेतली, खांदा खाली टाकला आणि वळण कापून सरळ झाले. दुसरं. तिसरं. वीस-वीस किलो शंभर कोटी वर्षांचा समुद्राचा तळ त्यांच्या दोन्ही बाजूंना लटकत होता आणि सायकल तारेवर चालल्यासारखी चालत होती. मी त्यांना रोज पहाटे निघताना पाहिलं होतं, पण ते कसे चालवतात हे कधी पाहिलंच नव्हतं. मागं टेम्पो येत होता. कृष्णातनं हॉर्न दिला नाही.

कलादगीत पाणी मुबलक होतं. मी विचारलं, खडी टाकून पाणी भरायचं का? ते म्हणाले की बसलेलं ओझं उठवू नये. केरूरच्या पुढं खडक बदलला. राखाडी जाऊन लाल वालुकाश्म आला आणि साडेचारच्या उन्हात बदामीचे कडे दिसले.

उदयसिंहची पोरं तळ्याकाठी आधीच पोचली होती. आम्ही आल्यावर तो पळत पुढं आला, आबांची सायकल धरायला. मग मदत म्हणून त्यानं एक कॅन आकड्यातून काढायला हात घातला. कॅन वीतभर उठला आणि परत खाली बसला. त्यानं दोन्ही हात लावले.

"काका, हे एवढं घेऊन सगळा रस्ता?"

आबा टोपीनं मान पुसत होते. त्यांच्या मागं लेणी होती, पण ती त्यांनी अजून बघितली नव्हती.

"रोजचंच हाय," ते म्हणाले. "ह्या टायमाला गिऱ्हाईक न्हवतं, एवढंच."