कोमट बोनेट

एक हातोडी. डोकं अंगठ्याएवढं.

सासूबाईंच्या घरी खिडकीजवळ एक खुर्ची आहे. थोरला जावई तिच्यावर अकरा वर्षं बसला. मग धाकटा जावई आला.

एक चाल. तिला शब्द नाहीत. ती फक्त गाडीखालून ऐकू येते.

सत्तरीतले एक गुरांचे डॉक्टर. सुई टोचण्याआधी गाईला सांगतात, "दुखणार आहे गं." जनावराशीही खोटं बोलत नाहीत.

डावा तळहात.

"कुणी हात लावायचा नाही," फोरमन म्हणाला. "आधी मी."

सगळे जागीच थांबले. धाकटा साडू, त्याची बायको, फोरमनची बायको आणि गाडीचे मालक, म्हणजे तेच गुरांचे डॉक्टर. सकाळचे सात वाजले होते. अंगणात बावीस वर्षांची, चारही चाकांना जोर देणारी जीप उभी होती. फोरमनने डावा तळहात बोनेटवर ठेवला, डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले.

फोरमन हे टोपणनाव. तो कुठल्या कारखान्यात फोरमन नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये साहेबही तोच आणि मदतनीसही तोच. पण जुनी जीप घ्यायची म्हटलं की लोक आधी त्याला घेऊन जायचे. एकतीस वर्षांत त्याचा शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता. आणि त्याची पहिली परीक्षा नेहमी हीच असायची. गार इंजिन सुरू होताना खरं बोलतं, खोकतं, धूर सोडतं. म्हणून लबाड मालक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवतो. बोनेट कोमट लागलं की फोरमन पुढचं काही बघतच नसे.

"तुमच्या साडूंनी फोनवर बजावलं होतं," डॉक्टर म्हणाले. "कालपासून किल्लीला हात लावला नाही मी."

"हं," फोरमन म्हणाला आणि गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला.

खाली काळा रंग फासलेला नव्हता. हे चांगलं. ताजा रंग म्हणजे काहीतरी झाकलंय. चासीच्या कोपऱ्यांत जुनी माती होती, पण वाळलेली, खरवडून काढल्याच्या खुणा असलेली. म्हणजे गाडी चिखलात जायची आणि परत आल्यावर धुतली जायची. त्याने छोट्या हातोडीने चासीवर टकटक केली. टोकापासून टोकापर्यंत एकच आवाज, देवळातल्या घंटेसारखा. स्प्रिंगचे पाटे सरळ. शाफ्ट हाताने हलवला, ढिला नाही. आणि त्याच्या नकळत ती चाल त्याच्या ओठांवर आली.

ही गाडी त्याची असायला हवी होती. हाच विचार, आडपडदा न ठेवता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलो, स्वतःची म्हणून सायकल. आणि हा कालचा पोरगा, ज्याला टायरमधली हवा कळत नाही, तो ही नेणार. दगडाच्या खाणीवर जायला!

तो बाहेर आला तेव्हा साडू चालकाच्या जागी बसला होता. कोपर खिडकीवर, केस मागे सारलेले.

"शोभतात हो, नाही?" फोरमनची बायको बहिणीला म्हणाली.

"ताई, त्यांना काय, बैलगाडीतही शोभतील," मेहुणी हसत म्हणाली.

"दादा," साडू वरून ओरडला, "एखाद्या रविवारी तुम्हालाही फिरवून आणीन हं!"

फोरमनने त्याला खाली उतरवलं आणि स्वतः चालकाच्या जागी बसला.

मग गाडी सुरू केली. पहिल्याच किल्लीला. धूर नाही. मागच्या टेकाडावर नेली. चार चाकांचा छोटा दांडा टाकला. त्याची मूठ डॉक्टरांच्या हाताने झिजून गोटीसारखी झाली होती. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. वाईट गिअरबॉक्स असेल तर इथे दांडा आपणहून उडतो. उडाला नाही.

फाटकाबाहेर आल्यावर साडूने विचारलं, "मग? पेढे कधी?"

"घेऊ नका."

"काय सांगता! इतकी छान चालली की."

"बोनेट कोमट होतं."

साडूचा चेहरा पडला. त्याने मागे वळून डॉक्टरांकडे पाहिलं. ते जीपच्या काचेवरची धूळ आपल्या रुमालाने पुसत होते. "दिसतो किती साधा," साडू म्हणाला. "वाचवलंत, दादा."

परतताना बसमध्ये बायको खिडकीशी बसली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "गाडीखाली तुम्ही गुणगुणत होतात."

"सवय आहे."

"खराब गाडीखाली नाही."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी जीप शेडच्या दारात येऊन थांबली. डॉक्टर गुडघा धरून हळूच उतरले. त्या गुडघ्यामुळेच तर गाडी विकायची होती. क्लच दाबला की कळ जायची.

"फोरमन, दोन गिऱ्हाइकं आली आणि 'फोरमनला बोनेट कोमट लागलं' म्हणत परत गेली."

फोरमनने हातातला पाना पुसायला घेतला. आता शिव्या येतील, याची तो वाट बघत होता. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी विचार केला," डॉक्टर म्हणाले. "गाडी सुरू केली नव्हती, हे मला ठाऊक. आणि तुमचा हात चुकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मग गार गाडीचं बोनेट कोमट का? आत काहीतरी दुखणं असणार. जनावराला ताप असला की कान गरम लागतात, तसं. तुम्हीच शोधा. दुखणं असलेली गाडी कुणाच्या गळ्यात मारायची नाही मला."

पाना पुसून झाला होता. फोरमन तो पुसतच राहिला. शब्द जिभेच्या टोकावर आले. एकतीस वर्षं त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, हात पसरून.

"ठेवून जा," तो म्हणाला.

आठ दिवस जीप त्याच्याकडे होती. नसलेलं दुखणं शोधायचं म्हणजे काय? त्याने स्वच्छ फिल्टर उघडले, तसेच परत बसवले. घट्ट नट आणखी घट्ट केले. चौथ्या दिवशी तो ती एकटाच डोंगराच्या कच्च्या रस्त्यावर घेऊन गेला. छोटा दांडा टाकला. दगडांवरून जीप अशी चढली, जणू रोजचाच जिना. ओठांवर चाल आली. त्याने ओठ दाताखाली धरले आणि गाडी वळवली.

"निघाला दोष," त्याने डॉक्टरांना सांगितलं. "वायरचा होता. बारीक."

"बघा! एखादा बिचारा फसला असता." डॉक्टरांनी त्याचा ग्रीसने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "माणसाने असं असावं."

त्याच संध्याकाळी त्याने साडूला फोन लावला. "ती जीप आता घ्या. डोळे मिटून घ्या. जबाबदारी माझी."

"दादा, गाडी दुरुस्त होईल हो. माणूस कसा होणार? आधीच सुरू करून ठेवणारा माणूस. तुम्हीच तर शिकवलंत."

फोरमनने तोंड उघडलं. दारात बायको चादरीची घडी घालत उभी होती. अर्धी घडी तशीच धरून ती थांबली.

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तिने घडी पुरी केली.

डॉक्टरांची जीप पुढेही विकली गेली नाही. ते गोठ्यांवर पायी जातात, काठी टेकत.

पुढच्या रविवारी सगळे सासूबाईंकडे जमले. फोरमन दारात दिसताच साडू खिडकीजवळच्या खुर्चीवरून उठला. "दादा, इथे बसा. आई, यांनी वाचवलं मला, नाहीतर गेलोच होतो खड्ड्यात."

"बसा हो, बसा," सासूबाई म्हणाल्या. "मानाची जागा आहे ती."

फोरमन बसला. खुर्ची साडूच्या अंगाने अजून कोमट होती. बायको पाणी घेऊन आली, पेला त्याच्या हातात न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आत गेली.

त्या सकाळी सात वाजता बोनेट दगडासारखं गार होतं.