फुटक्या काचेची खिडकी

मित्रांनो, मी झांबियातल्या तांब्याच्या खाणीजवळची एक जुनी खिडकी. खाणीनं कामगारांसाठी घरं बांधली, तेव्हा माझा जन्म झाला. त्या काळी माझे काय लाड होते म्हणून सांगू! काचेला तडा गेला की घरातल्या कामगारानं खाणीच्या कचेरीला चिठ्ठी लिहायची, दुसऱ्या दिवशी खाणीचा सुतार हजर. घरातला दिवासुद्धा खाणीचेच लोक येऊन बदलत.

मग तांब्याचे भाव कोसळले. खाण विकली गेली. माझ्या घरात राहणारे खाणकामगार कापेम्ब्वा यांची नोकरी गेली आणि भरपाई म्हणून हे घर त्यांच्या नावावर झालं. त्याच आठवड्यात माझी काच फुटली. त्यांनी सवयीनं चिठ्ठी लिहिली, बंद कचेरीच्या दाराखालून आत सरकवली आणि सुताराची वाट बघत बसले. चार महिने! घर आता आपलं आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

इकडे डब्यातलं पीठ संपत आलं. त्यांच्या बायकोनं, चिसेंगाच्या आईनं, माझ्यातले काचेचे तुकडे काढले आणि उरल्या पिठाचे गुलगुले तळून तिथूनच विकायला सुरुवात केली. रांग लागू लागली. रांगेत जुने सोबती दिसले की कापेम्ब्वा लाजून आतल्या खोलीत जात. शेवटी ते म्हणाले, "उद्या ही खिडकी विटांनी बुजवतो. घराची टपरी केलीस."

"बुजवा की, चिसेंगाचे बाबा," ती कढई उतरवत म्हणाली. "पण संध्याकाळी पोरं काय खातील, तेवढं सांगून ठेवा."

माझा जीव टांगणीला लागला.

सकाळी ते विटा घेऊन आले, तर रांगेत पहिला खाणीचा म्हातारा सुतार मुबांगा! कापेम्ब्वांचा चेहरा खुलला. "आलात का काका? चार महिने वाट बघतोय."

"काच बसवायला नाही आलो रे," मुबांगा ओशाळून म्हणाला. "माझीही नोकरी गेली. कालपासून पोटात काही नाही."

कापेम्ब्वांनी विटा खाली ठेवल्या. आत येऊन स्वतःच्या हातानं गुलगुले कागदात बांधले आणि माझ्यातून म्हाताऱ्याला दिले. त्याचं खाऊन झाल्यावर म्हणाले, "काका, हिला जरा रुंद करा. खाली फळी ठोका."

मुबांगानं हत्यारं आणली, पण त्याचा हात अडला. "खाणीला चिठ्ठी दिलीस का?"

"चिठ्ठी कसली? खिडकी माझी आहे."

मित्रांनो, ते ऐकून मी भरून पावले. पुढे शेजारच्या खिडकीत शिवणयंत्र आलं, पलीकडच्या खिडकीत चपला. आमच्या मुक्या गल्लीचा बाजार झाला. खाणीनं मला सांभाळलं, तिचे उपकार आहेतच. पण मला आपली म्हणणाऱ्या या माणसांची मी जन्माची ऋणी आहे. तुमच्या घरातलं काही मोडलं, तर दुसऱ्या कुणाची वाट बघत बसू नका. आपलं म्हणा आणि हात लावा.